मन तपासायचं कधी?

९ एप्रिल १९९३ रोजी कर्नाटक-तमिळनाडूच्या सीमेवर पालारजवळ चंदनतस्कर वीरप्पनच्या टोळीनं पेरलेले सुरुंग उडाले. पोलीस, वनखात्याची माणसं आणि त्यांच्याबरोबरचे खबरे धरून २२ जण ठार झाले. खटला म्हैसूरच्या टाडा (दहशतवादविरोधी कायद्याच्या) न्यायालयात चालला आणि २००१ मध्ये चौघांना जन्मठेप झाली. त्यांनी अपील केलं. २९ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्याच अपिलात जन्मठेपेची फाशी केली. दयेचा अर्ज नऊ वर्षं रेंगाळला आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रपतींनी तो फेटाळला. चौघं तेव्हा बेळगावच्या हिंडलगा तुरुंगात होते. मग २१ जानेवारी २०१४ रोजी शत्रुघ्न चौहान खटल्याचा निकाल आला आणि एकूण १५ कैद्यांची फाशी जन्मठेपेवर आली. म्हैसूरचे चौघं त्या पंधरांत होते.

या चौघांना जीवदान मिळालं ते सरकारच्या दिरंगाईमुळे. पण त्याच निकालपत्रात उत्तराखंडच्या एका कैद्याचं प्रकरण होतं. त्याला स्किझोफ्रेनिया जडला होता आणि तरीही त्याचा दयेचा अर्ज नामंजूर झाला होता. मानसिक आजार हे फाशी रद्द करण्याचं स्वतंत्र कारण ठरू शकतं, असं न्यायालयानं त्या वेळी स्पष्ट शब्दांत लिहिलं. गुन्हा झाला, खटला झाला, अपील झालं, फेरविचार झाला, दयेचा अर्जही फेटाळला गेला आणि या सगळ्याच्या शेवटी कोणीतरी विचारलं, की या माणसाचं मन ठिकाणावर आहे का?

हा प्रश्न आपल्याकडे बहुधा असाच, शेवटी विचारला जातो. कायद्यात तो विचारण्याच्या चार वेळा आहेत: गुन्ह्याच्या क्षणी आरोपीचं मन कसं होतं, खटला चालवण्याजोगं ते आहे का, शिक्षा ठरवताना ते किती धरायचं, आणि शिक्षा झाल्यावर बिघडलं तर काय. चारही वेळी कायदा वेगळं काही विचारतो. चारही ठिकाणी उत्तर मात्र एकाच गोष्टीवर अडतं: त्या वेळची नोंद कोणी केली होती का?

गुन्ह्याचा क्षण

पहिल्या प्रश्नाचं मूळ लंडनमध्ये आहे. १८४३ मध्ये डॅनियल मॅकनॉटन नावाच्या माणसानं पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे सचिव एडवर्ड ड्रमंड यांच्यावर गोळी झाडली. ड्रमंड दगावले आणि मॅकनॉटन वेडाच्या कारणावरून सुटला. त्यावर गदारोळ झाला, तेव्हा हाउस ऑफ लॉर्ड्सनं न्यायाधीशांकडून नियम स्पष्ट करून घेतले. १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं कलम ८४ त्याच मुशीतलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात कलमाचा आकडा २२ झाला, गाभा तोच राहिला. कृत्य करताना मनाच्या विकलतेमुळे आपण काय करतो आहोत, किंवा ते चूक आहे, हे ज्याला कळत नव्हतं, त्याचं कृत्य गुन्हा ठरत नाही.

इथे डॉक्टरचं वेड आणि न्यायालयाचं वेड यांची फारकत होते. आजार आहे एवढं पुरत नाही. त्या आजारानं त्या घटकेला समज हिरावून घेतली होती, हे दिसावं लागतं. १९६४ च्या दह्याभाई ठक्कर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आरोपीला थोडी मोकळीक दिली. वेड असल्याचं त्याला सरकारी पक्षाइतकं काटेकोरपणे सिद्ध करावं लागत नाही. वेड पुरतं सिद्ध झालं नाही आणि तरी पुराव्यातून त्याच्या हेतूविषयीच रास्त शंका उभी राहिली, तर तिचा फायदा त्याला मिळतो.

महाराष्ट्रातला एक खटला या दृष्टीनं जवळून पाहण्यासारखा आहे. २४ एप्रिल १९९४ रोजी एका पोलीस शिपायानं पोलीस वसाहतीतल्या घरात, बायको कपडे धूत असताना, तिच्या डोक्यात दगड घालून तिचा जीव घेतला. भांडण होतं ते त्यानं नोकरी सोडण्यावरून. खालच्या न्यायालयात जन्मठेप झाली आणि उच्च न्यायालयात ती कायम झाली. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला निर्दोष ठरवलं. कशाच्या आधारावर? वडिलांनाही मानसिक आजार होता. १९९२ पासून याच्यावर पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचे उपचार चालू होते. खुनाचा हेतू अगदीच लंगडा होता. दिवसाढवळ्या कृत्य करून तो पळाला नाही, लपलाही नाही. आणि २७ जून ते ५ डिसेंबर १९९४ या काळात त्याला २५ वेळा रुग्णालयात नेलं गेल्याची नोंद होती.

या २५ फेऱ्यांची नोंद नसती तर? आजार तोच, दगड तोच, पण निकाल बहुधा वेगळा लागला असता. घटनेनंतरची पहिली फेरी दोन महिन्यांनी झाली होती, हेही लक्षात घेण्यासारखं आहे. घटनेच्या घटकेला आरोपीचं मन कसं होतं ते कोणीच पाहिलेलं नसतं. आधीच्या आणि नंतरच्या कागदांवरून न्यायाधीशाला ते जुळवावं लागतं.

म्हणूनच २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका खटल्यात, देविदास राठोड प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं तपास यंत्रणेचे कान उपटले. आरोपीच्या जुन्या मानसिक आजाराची माहिती असूनही त्याची वेळीच तपासणी झाली नाही, तर तो सरकारी पक्षाच्या खटल्यातला मोठा दोष आहे आणि संशयाचा फायदा आरोपीचा. २०२३ मध्ये गोव्यातल्या एका खून खटल्यातही स्किझोफ्रेनियाच्या कारणावरून शिक्षा रद्द झाली. अशी उदाहरणं मोजकी आहेत. कलम ८४ चा बचाव घेतला जातो त्यापेक्षा कितीतरी कमी वेळा टिकतो, आणि तो पडतो तो बव्हंशी कागदावाचून.

सुटका म्हणजे घरी जाणं, असाही गैरसमज नको. अशा निर्दोष व्यक्तीनं ते कृत्य केलं होतं की नाही, हे न्यायालयाला निकालात लिहावं लागतं. केलं असेल तर त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवायचं की हमी घेऊन नातेवाइकांच्या हवाली करायचं, तेही ठरवावं लागतं. नातेवाईक पुढे आले नाहीत तर मनोरुग्णालयातला मुक्काम शिक्षेपेक्षाही लांबू शकतो.

खटला चालवण्याजोगं मन

दुसरा प्रश्न आजचा आहे: आरोपीला आरोप कळतो का, वकिलाशी बोलून बचाव करता येतो का? येत नसेल तर खटला थांबतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२८ पासून आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६७ पासून ही तरतूद आहे. हेतू दयेचा, पण परिणाम कधीकधी उलटा होतो. आसामातल्या मचांग लालुंग यांना १९५१ मध्ये अटक झाली आणि मनोरुग्णालयात पाठवलं गेलं. ते बरे झाले तरी खटला सुरू झाला नाही. ते २००५ मध्ये, ५४ वर्षांनी बाहेर आले. ज्या गुन्ह्याचा आरोप होता त्याची शिक्षा याहून किती तरी कमी भरली असती. आजारी मनाची नोंद झाली, पण पुढे त्या नोंदीकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. नोंद नसण्याइतकंच हेही घातक.

शिक्षेचा तराजू

तिसरा प्रश्न सगळ्यांत नाजूक. वेड इतकं नाही की गुन्हाच माफ व्हावा. पण मन शाबूत होतं असंही म्हणता येत नाही. इंग्लंडनं १९५७ च्या कायद्यात अशांसाठी मधली पायरी केली: जबाबदारी उणावलेली असेल तर खून हा खून राहत नाही, सदोष मनुष्यवध ठरतो. आपल्याकडे ती पायरी नाही. आपल्याकडे ही सवड मिळते ती शिक्षा ठरवताना. १९८० च्या बच्चन सिंग निकालात फाशी ‘विरळात विरळ’ प्रकरणांतच द्यावी असं ठरलं, तेव्हा शिक्षा सौम्य करणाऱ्या बाबींत आरोपीची तीव्र मानसिक अस्वस्थता आणि समज कमी करणारा मानसिक दोष यांचा उल्लेख झाला.

पुणेकरांना याचं उदाहरण सांगावं लागत नाही. २५ जानेवारी २०१२ च्या सकाळी एसटीचा चालक संतोष माने स्वारगेट आगारातून एक बस घेऊन निघाला आणि रस्त्यात समोर येईल त्याला उडवत सुटला. नऊ जण गेले, ३७ जखमी झाले. आदल्या रात्री ड्यूटी बदलून मागण्यावरून त्याचं बिनसलं होतं. बचाव पक्षानं वेडाचा मुद्दा घेतला आणि सोलापूरच्या एका मनोविकारतज्ज्ञाची साक्ष आणली. न्यायालयाला ती पटली नाही. २०१३ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयानं फाशी दिली. शिक्षेवर आरोपीचं म्हणणं नीट ऐकलं नाही म्हणून उच्च न्यायालयानं प्रकरण परत पाठवलं. त्याच वर्षी पुन्हा फाशी झाली आणि २०१४ मध्ये ती कायम झाली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोष कायम ठेवला, वेडाचा बचाव नाकारलेलाच राहिला, पण त्या दिवशीची त्याची बिथरलेली मनःस्थिती शिक्षेच्या पारड्यात टाकून फाशीची जन्मठेप केली.

नऊ घरांतली माणसं गेली होती. या निकालानं त्यांना काय वाटलं असेल, हा प्रश्न बाजूला सारता येत नाही. पण प्रकरणाचा प्रवास पाहा: एकच मुद्दा, सात वर्षं, दोनदा फाशी, आणि ज्या मनःस्थितीवर शेवटी शिक्षा उतरली तिचं मोजमाप पहिल्याच वर्षी तटस्थपणे करता आलं असतं. ते झालं असतं तर त्या नऊ कुटुंबांच्याही पायऱ्या झिजल्या नसत्या.

ही उणीव सर्वोच्च न्यायालयानं २० मे २०२२ च्या मनोज निकालात हेरली. न्यायमूर्ती उदय लळीत, रवींद्र भट आणि बेला त्रिवेदी यांच्या खंडपीठानं सांगितलं, की फाशीची शक्यता असलेल्या खटल्यात आरोपीचा मानसिक तपासणी अहवाल खटल्याच्या पातळीवरच, आणि होता होईल तो गुन्ह्याच्या जवळच्या काळातला, सरकारनं पुढे ठेवावा. बालपण, शिक्षण, घरची परिस्थिती, आजार, तुरुंगातली वागणूक, सगळं त्यात यावं. शिक्षेवरची सुनावणी म्हणजे ‘आरोपी गरीब आहे, म्हातारे आईवडील आहेत, दया करावी’ हे वकिलाचं दोन ओळींचं पालुपद असू नये, हाच या निकालाचा अर्थ.

शिक्षेनंतरचं मन

चौथा प्रश्न: गुन्हा करताना मन ठीक होतं, आता बिघडलं आहे. अशा माणसाला फाशी द्यायची का? १२ एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात याचं उत्तर दिलं. १९९९ मध्ये दोन लहान मुलींवर अत्याचार करून त्यांचा खून करणाऱ्या कैद्याचं हे प्रकरण. निकालपत्रात त्याचं नाव नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ रुग्णाच्या आजाराची गुप्तता राखायला सांगतो, म्हणून न्यायालयानं त्याला फक्त ‘आरोपी क्ष’ म्हटलं. त्याचा फेरविचार अर्ज आधी बंद दाराआड फेटाळला गेला होता. फाशीच्या प्रकरणांत फेरविचार खुल्या न्यायालयात ऐकावा, असं २०१४ मध्ये ठरल्यावर तो पुन्हा उघडला.

न्यायमूर्ती एन. व्ही. रमणा यांनी लिहिलेल्या या निकालानं कसोटी घालून दिली. शिक्षेनंतर जडलेला गंभीर मानसिक आजार हाही फाशी टाळण्याचं कारण होऊ शकतो. पण तो इतका तीव्र हवा, की आपल्याला ही शिक्षा का आणि कशासाठी होते आहे हेच कैद्याला उमगू नये. ते दाखवण्याची जबाबदारी त्याची. तपासणी मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि गुन्हेशास्त्राचे जाणकार यांच्या संयुक्त गटानं करावी, आणि सरकारला ती खोडून काढण्याची संधी असावी. ‘क्ष’ची फाशी गेली. पण उरलेलं सगळं आयुष्य, सवलतीविना, तुरुंगात; आणि तिथे उपचार. कोणी सुटलं नाही, कोणी निर्दोष ठरलं नाही. हे सांगावं लागतं, कारण अशा निकालाच्या बातमीचा मथळा बहुधा उलटच वाटतो.

मन बिघडवणारं कारण कधी तुरुंगच असतो. १९९८ च्या बंगळूरमधल्या बलात्कार-खून खटल्यातला कैदी बी. ए. उमेश याला २००६ ते २०१६ अशी दहा वर्षं हिंडलग्यात एकांतकोठडीत ठेवलं होतं. दयेचा अर्ज निकाली निघेपर्यंत फाशीच्या कैद्याला एकट्याला कोंडता येत नाही, हे १९७८ च्या सुनील बात्रा निकालानं सांगून ठेवलेलं. तरीही हे चाललं. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी, सरन्यायाधीश लळीत निवृत्तीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांच्या खंडपीठानं या एकांतवासाचा त्याच्या मनावर झालेला परिणाम धरून फाशी काढली आणि किमान ३० वर्षं तुरुंगवास दिला. दिरंगाईचा मुद्दा मात्र त्यांनी मानला नाही.

ताजा टप्पा नागपूरचा. २००८ मध्ये एका चार वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून करणाऱ्याची फाशी सर्वोच्च न्यायालयातून कायम झाली होती, फेरविचार संपला होता, राष्ट्रपतींनीही अर्ज नाकारला होता. २५ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या शिक्षेपुरता प्रश्न पुन्हा उघडला. कारण असं, की २०२२ च्या मनोज निकालानं सांगितलेली तपासणी त्याच्या बाबतीत कधी झालीच नव्हती. दोष कायम आहे. शिक्षा किती, एवढंच नव्यानं पाहायचं.

आकडे काय सांगतात

ही चार-दोन प्रकरणं अपवाद असती तर हा लेख लिहिण्याचं कारण नव्हतं. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या ‘प्रोजेक्ट ३९ए’नं २०२१ मध्ये फाशीच्या ८८ कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कर्नाटक त्यातल्या पाच राज्यांपैकी एक. या ८८ जणांपैकी ६२.२ टक्के कैद्यांना कोणता ना कोणता मानसिक आजार होता, आणि सुमारे ११ टक्क्यांना बौद्धिक अक्षमता. त्याआधी २०११ मध्ये निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं बंगळूरच्या मध्यवर्ती कारागृहात ५,०२४ कैदी तपासले होते. व्यसनं सोडून दिली तरी २७.६ टक्के कैद्यांत निदान करण्याजोगा मानसिक विकार आढळला.

निम्हान्सचा म्हैसूरशी धागा जुना आहे. आज देशभरातली न्यायालयं जिच्याकडे आरोपी तपासणीला पाठवतात ती ही संस्था म्हैसूर संस्थानाच्या सरकारी मनोरुग्णालयातून वाढली. महाराष्ट्रात पुण्याचं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं हे काम करतात. येरवड्यात तर मनोरुग्णालय आणि मध्यवर्ती कारागृह एकाच परिसरात आहेत. तरी एकीकडचा कागद दुसरीकडे पोचायला कित्येकदा वर्षं लागतात.

फाशीपुरतीच दया

आतापर्यंत सांगितलेल्या प्रकरणांत शिक्षा सौम्य झाली ती फक्त फाशीच्या कैद्यांची. हीच या सगळ्या न्यायशास्त्राची खोट आहे. मनाचा विचार आपण फासाच्या सावलीतच करायला शिकलो. म्हैसूर, कोल्हापूर किंवा बेळगावच्या सत्र न्यायालयात सात-दहा वर्षांची शिक्षा झालेल्या, घरात औषधांवर असलेल्या माणसासाठी मनोज निकालातली तपासणी नाही, संयुक्त गट नाही. खुनाला कायद्यानं किमान जन्मठेप आहे, त्यामुळे तिथे न्यायाधीशाचे हात बांधलेले. किमान शिक्षा ठरवून दिलेल्या इतर गुन्ह्यांतही तेच. जिथे हात मोकळे आहेत तिथे मोजपट्टी नाही. शिक्षा ठरवण्याची मार्गदर्शक तत्त्वं हवीत, हे कर्नाटकचेच न्यायमूर्ती व्ही. एस. मळीमठ यांच्या समितीनं २००३ मध्ये सांगितलं होतं. ती अजून आलेली नाहीत. म्हणजे ज्याचा गुन्हा जास्त भयंकर त्याच्या मनाची चौकशी बारकाईनं, आणि ज्याचा कमी त्याची अजिबात नाही, असा उफराटा न्याय चालू आहे.

यावर नेहमीची हरकत अशी: ही तर पळवाट, कोणीही उठून वेडाचं सोंग घेईल. हरकत खोटी नाही, सोंगं घेतली जातातच. पण सोंग ओळखण्याची खरी वेळ अटकेनंतरचे पहिले काही दिवस. वॉर्डात ठेवून डॉक्टर आणि परिचारिका रात्रंदिवस पाहतात, झोप, जेवण, बोलणं नोंदवतात. इतके दिवस सतत सोंग वठवणं कठीण. दहा वर्षांनी, फाशीच्या तोंडावर केलेल्या तपासणीत सोंग आणि आजार यांतली रेघ पुसट झालेली असते. लवकर तपासणीला सोंगाड्यानं घाबरावं. आजारी माणसाला आणि बळीच्या कुटुंबाला तिचा फायदाच आहे.

यासाठी नवा कायदा करायची गरज फारशी नाही. प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य केंद्र हवं, असं २०१७ चा कायदा सांगतो. फाशीच्या कैद्यांची नियमित मानसिक तपासणी शत्रुघ्न चौहान निकालानं सक्तीची केली आहे. आरोपीच्या आजाराची कुणकुण लागताच त्याला तपासणं हे तपास अधिकाऱ्याचं कर्तव्य असल्याचं न्यायालयांनी अनेकदा बजावलं आहे. एवढंच करायचं, की ही शिस्त फाशीच्या कोठडीतून उचलून पहिल्या रिमांडच्या दिवसापर्यंत आणायची, आणि कलम कोणतंही असो, प्रत्येक गंभीर गुन्ह्याला लावायची.

शेवटी एक गोष्ट वाचकाच्या हातातली. घरात कोणी मानसिक आजाराच्या औषधांवर असेल तर डॉक्टरची एकही चिठ्ठी टाकू नका. आपण ती लपवतो, लग्न ठरताना तर जाळतोसुद्धा. तसा प्रसंग कोणावर न येवो. पण आलाच, तर त्या माणसाचं मन त्या दिवशी कसं होतं, हे सांगणारा तो एकमेव साक्षीदार असू शकतो. अटकेच्या पहिल्याच दिवशी ती चिठ्ठी वकिलाच्या हातात द्या, आणि वैद्यकीय तपासणीचा अर्ज त्याच दिवशी करायला लावा.